पोढीचे माप

ज्येष्ठ सरत आला की पवनेच्या खोऱ्यात ढग खाली उतरतात. तुंग आणि तिकोना यांचे माथे आधी दिसेनासे होतात, मागोमाग लोहगडाचा विंचूकाटा धुक्यात बुडतो आणि पवनानगरच्या बाजारपेठेत लगबग उडते. दुकानांपुढे ताडपत्र्या बांधल्या जातात. साखर-मिठाची पोती जमिनीवरून उचलून फळ्यांवर रचली जातात आणि भिंतीपासून वीतभर दूर सरकवली जातात, कारण मावळातल्या पावसात भिंतीलाही घाम फुटतो. रवा, मैदा, डाळी किती भरून ठेवायच्या याचा हिशेब अनुभवी दुकानदाराने आधीच मांडलेला असतो. जास्त भरले तर माल कुबट होतो, जाळी धरतो आणि जीवहिंसेचे पाप पदरी येते. कमी भरले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दारी जाते. साठ्याला माप असते, हे व्यापाऱ्याला कोणत्याही ग्रंथाने शिकवावे लागत नाही. मालाला लावलेले हे माप तो स्वतःच्या इच्छेला क्वचितच लावतो, एवढेच.

इच्छेला माप लावणाऱ्या एका साधूची खूण याच खोऱ्याच्या माथ्यावर दगडात कोरलेली आहे.

लोहगड इंद्रायणी आणि पवना या दोन नद्यांच्या खोऱ्यांमध्ये उभा आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत हाही आहे. परंतु किल्ला होण्याच्या कितीतरी आधीपासून या डोंगरात माणसाचा वावर होता. गडाच्या पूर्वेकडील कड्यात एक लेणे आहे आणि त्यात ब्राह्मी लिपीतला एक छोटा शिलालेख आहे. अभ्यासकांचे लक्ष त्याकडे अलीकडच्या काही वर्षांत गेले. त्याचा आरंभ अरिहंतांना नमस्कार करून होतो. प्रत्येक जैन घरात पहाटे उच्चारले जाणारे पद दोन हजार वर्षांपूर्वी मावळातल्या या कातळावर उमटले होते! लेखात इंद्ररक्षित हे नाव येते. त्याने पाण्याचे टाके आणि बसण्यासाठी ओटे दिले, असे त्याचे तात्पर्य आहे.

हेच नाव मावळ तालुक्यातल्या पाले गावाजवळच्या लेण्यातही आढळते. तो लेख डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रकाशात आणला. तेथेही प्रारंभी अरिहंतांना वंदन आहे आणि भदंत इंद्ररक्षिताने लेणे व पोढी करविल्याची नोंद आहे. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. महाराष्ट्रातील जैन धर्माच्या सर्वांत प्राचीन पुराव्यांत या लेखांची गणना होते.

लेणे, पोढी आणि ओटा; निवारा, पाणी आणि आसन. दोन लेखांतून निघणारी यादी एवढीच आहे.

ही यादी दारिद्र्याची नव्हे. त्या काळी या घाटमाथ्यावरून मोठा व्यापार चालत असे. कोकणातल्या बंदरांतून वर चढलेला माल बोरघाटाच्या वाटेने देशावर येई आणि या मार्गावरच कार्ले, भाजे, बेडसे येथील बौद्ध लेणी उभी राहिली. कार्ल्याचे भव्य चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्ण केले. तेथील लेखात त्याचे वर्णन जंबुद्वीपातील सर्वोत्कृष्ट शैलगृह असे केले आहे आणि ते पाहणाऱ्याला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. व्यापाऱ्याच्या औदार्याचे ते उत्तुंग रूप आहे. त्याच डोंगररांगेत एका साधूने मात्र आपल्या आणि आपल्यामागून येणाऱ्यांच्या गरजेपुरते तेवढे मागितले. दोन्ही दाने थोर. परंतु दुसऱ्या दानात एक प्रश्न दडलेला आहे. किती पुरे?

या प्रश्नाचे उत्तर पोढीच्या आकारातच आहे. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आकाशाच्या देण्याला तेथे सीमा नाही. तरी कातळात टाके खोदणाऱ्याला सीमा ठरवावीच लागते. टाके उथळ राहिले तर फाल्गुनातच तळ दिसतो. गरजेहून मोठे खोदायचे तर छिन्नीचा प्रत्येक घाव श्रमाचा, आणि साठवलेले पाणी पिणार कोण? म्हणून खोदणारा आधी दिवस मोजतो, माणसे मोजतो, उन्हाळा मोजतो, आणि मग कातळाला हात घालतो. पाऊस आला की पोढी भरते आणि काठोकाठ भरल्यावर वरचे पाणी आपोआप उतारावरून खाली जाते, कुणाच्या तरी शेताकडे. भरलेल्या पोढीला पुढचा पाऊस नको असतो असे नाही. तो येतो, तिच्यावरून वाहतो आणि पुढे जातो.

संतोष म्हणजे हेच असावे. पाऊस नाकारणे म्हणजे संतोष नव्हे आणि टाके न खोदणे म्हणजे तर मुळीच नव्हे, तो आळस. संतोष म्हणजे काठ ठरवणे.

श्रावकाच्या बारा व्रतांत पाचवे अणुव्रत परिग्रह-परिमाणाचे आहे, ते याच अर्थाने. साधूसाठी अपरिग्रह संपूर्ण आहे. गृहस्थाला तो झेपत नाही, त्याने झेपल्याचे सोंगही करू नये. त्याच्यासाठी परिमाण आहे. या व्रताचा सर्वांत बोलका आदर्श आगमांत सापडतो तोही एका व्यापारप्रधान नगरीतल्या गृहस्थाचाच. उपासकदशांगाच्या पहिल्याच अध्ययनात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा आहे. चार कोटी सुवर्णमुद्रा ठेव म्हणून, चार कोटी व्याजव्यवहारात, चार कोटी घरसंसाराच्या वैभवात आणि दहा-दहा हजार गाईंची चार गोकुळे, अशी त्याची श्रीमंती. भगवान महावीरांपाशी व्रते घेताना त्याने यातले काही फेकून दिले नाही. जे आहे तेवढेच, याहून अधिक नाही, असे कुंपण त्याने घातले. पाचशे नांगरांची जमीन, इतक्या गाड्या, इतक्या नौका, अशी मोजदाद झाली.

पण आनंद तेथे थांबला नाही, आणि कथेचा खरा मर्मभाग पुढेच आहे. कोट्यवधींचा हिशेब मांडणारा हा गृहस्थ पुढे दातवणापर्यंत येतो. दात घासायला एकच, ज्येष्ठमधाची ओली काडी. अंग पुसायला एकाच प्रकारचे वस्त्र. भात कोणता, तूप कोणते, भाजी कोणती, हेही तो ठरवतो. आणि पिण्यासाठी पाणी कोणते? फक्त आकाशातून पडलेले, पावसाचे. त्या धनाढ्य श्रावकाचे पिण्याचे पाणी आणि मावळातल्या इंद्ररक्षिताच्या पोढीतले पाणी एकच होते!

एवढ्या मोठ्या माणसाने दातवणाच्या काडीपर्यंत का यावे? कारण इच्छा कोटींच्या महाद्वारातून घरात शिरत नाही. त्या दाराशी मुनीम असतात, कुलपे असतात, घरातली वडीलधारी माणसे असतात. ती शिरते रोजच्या लहान खिडक्यांतून. आणखी एक साडी, आणखी एक मोबाईल, ताटात आणखी एक पदार्थ, शेजाऱ्याने घेतली म्हणून आणखी एक गाडी. म्हणूनच पुष्कळ घरांत आजही सकाळी चौदा नियम धारले जातात: आज खाण्याची द्रव्ये किती, वस्त्रे किती, वाहने किती, कोणत्या दिशेला किती अंतर जायचे. बाहेरून पाहणाऱ्याला हा कर्मकांडाचा बारीकपणा वाटतो. प्रत्यक्षात तो आनंद श्रावकाचा धडा आहे. मोठा काठ लहान काठांनीच टिकतो.

काठ नसला तर काय होते, हे उत्तराध्ययनातल्या कपिलाने दाखवले आहे. त्याला हवे होते फक्त दोन मासे सोने. एक धनिक सकाळी प्रथम येणाऱ्या याचकाला तेवढे देत असे. आपणच पहिले असावे म्हणून कपिल मध्यरात्रीच निघाला आणि चोर समजून पकडला गेला. त्याचा सरळपणा पाहून राजा म्हणाला, हवे ते माग. कपिल विचार करायला बागेत जाऊन बसला. दोन माशांचे शंभर झाले, शंभराचे हजार, हजाराचे लाख, लाखाचे कोटी. आणि कोटीलाही मन थांबेना, तेव्हा तो स्वतःच दचकला. त्या दचकण्यातच त्याला मार्ग सापडला. कपिलाच्या हातात तोवर एक कवडीही आलेली नव्हती, ही यातली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट. असंतोषाला संपत्ती लागत नाही. तो रिकाम्या हातालाही पुरेसा जाळतो.

आता पुन्हा बाजारपेठेत यावे. पवना जलाशयाच्या काठी गेल्या काही वर्षांत पर्यटन फार वाढले आहे. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते, काठावर तंबू उभे राहतात, आणि दुकानांना मध्यरात्रीपर्यंत गिऱ्हाईक मिळू शकते. अशा ठिकाणच्या एखाद्या घरात पुढील संवाद घडत असेल, तर तो कोणालाही अनोळखी वाटणार नाही. मुलगा म्हणतो, “पप्पा, हीच वेळ आहे. आणखी एक गाळा घेऊ, तंबूंचेही काम धरू. धंदा थांबला की संपला.” वडील सूर्यास्ताआधी डबा संपवून चौविहाराचे पच्चक्खाण घेऊन बसलेले. ते म्हणतात, “थांब कोण म्हणतो? पण किती झाल्यावर थांबायचे, ते आजच ठरव. पुढे ठरवायला सवड मिळत नाही.” मुलगा निरुत्तर होत नाही, तो मुलाची फी, कर्जाचा हप्ता आणि आईच्या औषधपाण्याचा खर्च मोजून दाखवतो. दोघेही खोटे बोलत नसतात. पोढी उथळ खोदून चालणार नाही, हे मुलाचे म्हणणे. काठच नसलेल्या खड्ड्याला पोढी म्हणत नाहीत, हे वडिलांचे. घर टिकते ते दोघांनी एका रात्री पाटी-पेन्सिल घेऊन आकडा मांडला तर.

त्या आकड्याविषयी एक पळवाट जुनीच आहे. कित्येक जण व्रत घेताना मर्यादा एवढी मोठी धरतात की सात जन्मांतही ती ओलांडली जाऊ नये. व्रत मोडत नाही आणि मनही सुटत नाही. असे व्रत म्हणजे डोंगराएवढी पोढी आखणे. ती कधी भरणार नाही आणि कोणाच्या शेताला तिच्यावरून पाणी मिळणार नाही. मर्यादा खरी असेल तर ती आयुष्यात केव्हातरी गाठली गेली पाहिजे. त्यापुढे येईल ते धर्मकार्याला, शाळेला, रुग्णाला, पांजरपोळाला, ही त्या व्रताची दुसरी बाजू. धंदा चालूच राहतो. फक्त वरचे पाणी कोणाचे, हे आधीच ठरलेले असते.

काठ ठरला की आणखी एक गोष्ट हाती लागते, आणि ती म्हणजे वेळ. रिकाम्या वेळेचे भय व्यापाऱ्याला तोट्यापेक्षा अधिक असते. दुकान मुलांच्या हाती दिल्यावर दिवस खायला उठतो, म्हणून कितीतरी वृद्ध गल्ल्यावर बसून राहतात आणि मुलांच्या कारभारात चुका काढतात. अशा वेळी छंद उपयोगी पडतो. मराठीत छंद या शब्दाला दोन अर्थ आहेत: मनाची आवड आणि कवितेचे वृत्त. वृत्त म्हणजे पुन्हा मापच. माप सुटले की छंदाचे वेड होते, वेडाचे व्यसन.

आपल्या परंपरेत याचे एक लोभस उदाहरण आहे. १५८६ मध्ये जौनपूरला जन्मलेला बनारसीदास हा श्रीमाळ जैन व्यापारी. त्याने रत्नांचा व्यवहार केला, कापडाचा केला, आणि अनेकदा त्यात बुडाला. आग्र्याला हात रिकामे असताना तो संध्याकाळी लोकांना प्रेमाख्याने वाचून दाखवी. श्रोत्यांत एक कचोरीवालाही असे आणि कित्येक महिने तो त्याला उधारीवर कचोऱ्या खाऊ घालत राहिला. १६४१ मध्ये त्याने ‘अर्धकथानक’ लिहिले, भारतीय भाषांतील पहिल्या आत्मचरित्रांपैकी एक. त्यात त्याने आपले नफे-तोटे मांडले आणि शेवटी गुणांबरोबर दोषांचीही यादी स्वच्छ लिहिली. व्यापाऱ्याच्या वहीला लागलेली प्रामाणिक नोंदीची सवय त्याने स्वतःच्या आयुष्यालाच लावली. त्याचा व्यापार कोणाच्या स्मरणात नाही. फावल्या वेळात जे केले, तेच उरले.

छंदाची कसोटी सोपी आहे. तो संपल्यावर काही साठले पाहिजे, ही अपेक्षा नसावी. दुर्मिळ घड्याळे गोळा करणे, नाणी गोळा करणे, पूजेच्या चांदीच्या उपकरणांचे सातवे तबक घेणे, हे छंदाच्या वस्त्रातले परिग्रहच ठरू शकतात. त्याउलट हार्मोनियमवर स्तवन बसवणे, जलाशयावर हिवाळ्यात उतरणारे पक्षी न्याहाळणे, नातवंडाला बुद्धिबळ शिकवणे, यांनी घरातली जागा अडत नाही. आणि मावळातल्या श्रावकाला तर एक छंद दारातच वाट पाहतो आहे. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मी या कन्येला लिपी शिकवली आणि सुंदरीला गणित, अशी परंपरा आहे. सुंदरीची विद्या व्यापाऱ्याच्या रक्तात आहेच. ब्राह्मीची अक्षरे वहीवर रोज चार-दोन गिरवली तर काही महिन्यांत ओळखीची होतात, आणि मग एखाद्या कोरड्या दिवशी लोहगडाच्या कड्याशी उभे राहून अरिहंतांना केलेला तो नमस्कार आपल्या डोळ्यांनी वाचता येईल. त्या क्षणाची किंमत कोणत्या बाजारात करावी?

येथवर सर्व सोपे आहे. कठीण भाग पुढचा. संतोष हा स्वतःला सांगायचा धर्म आहे. तो दुसऱ्याला सांगितला की त्याचा रंग बदलतो. नोकर पगारवाढ मागायला आला असता त्याला संतोषाचे महत्त्व सांगणारा मालक धर्म सांगत नाही, पैसे वाचवतो. पहाटेपासून रात्रीपर्यंत स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या सुनेला ‘समाधानी राहा’ म्हणणारे घर तिच्या अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकालाही निवांतपणा देत नसेल, तर त्या घराने आधी स्वतःच्या काठाकडे पाहावे. ती अठ्ठेचाळीस मिनिटे, दोन घटका, कित्येक श्राविकांच्या दिवसातला एवढाच वेळ असतो की ज्यावर कोणाचा हक्क नसतो. तो त्यांचाच राहिला पाहिजे.

पवनानगरच्या रहिवाशांना हे वेगळे सांगायला नको. साडेआठ टीएमसी पाणी धरणारे पवना धरण त्यांच्या उशालाच आहे. पिंपरी-चिंचवडच्या लाखो घरांत सकाळी नळ सुटतो तो या पाण्यावर. ज्यांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या, त्यांतल्या अनेकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र दशकानुदशके रेंगाळत राहिला. अशा शेतकऱ्याच्या दारात जाऊन संतोषाचे प्रवचन देण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्याचे टाकेच दुसऱ्यासाठी रिकामे झाले, त्याला काठ कसला शिकवायचा? त्याच्यासाठी धर्माचा शब्द निराळा आहे, आणि तो म्हणजे न्याय. शहरात राहणाऱ्याने नळ बंद करताना, किंवा बाजारात त्या शेतकऱ्याचा तांदूळ मापाने घेताना, एवढे आठवले तरी परिग्रह-परिमाणाचा अर्थ थोडा अधिक उलगडेल. आपल्या मापाच्या पलीकडे साठलेले पुष्कळदा कोणाच्या तरी मापातून कमी झालेले असते.

दिवाळीत, भगवंतांच्या निर्वाणदिनी, घरोघरी नव्या वहीचे पूजन होते. पहिल्या पानावर शुभ आणि लाभ लिहिले जाते. त्या पानाच्या मागे एक कोरे पान असतेच. त्यावर एक आकडा लिहून ठेवता येईल. तो कोणाला दाखवायची गरज नाही. इतके झाले की पुरे, आणि त्यापुढचे अमुक कार्याला. पतीने एकट्याने लिहू नये, पत्नीला विचारून लिहावा; वडिलांनी मुलाला विचारून लिहावा. वर्षाने ते पान उघडून पाहावे. आकडा खोडून मोठा करावासा वाटला, तर कपिलाची बाग आठवावी.

आषाढातल्या धारा सुरू झाल्या की लोहगडाच्या कड्यातले टाकेही भरू लागते. ज्याने ते दिले त्याचे नाव सोडता त्याच्याजवळचे काहीही मागे राहिलेले नाही. टाके राहिले, बसायला ओटा राहिला, आणि दर पावसाळ्यात काठावरून वाहणारे पाणी राहिले. ते खोऱ्यात उतरते आणि पुढे कोणाच्या हंड्यात जाते, याची चौकशी ते करीत नाही.